मरहूमा, आणि पुढे तिरपी रेघ

कापडी पिशवीत पाच कॅसेटी आणि रुमालात बांधलेल्या, उन्हात फुगवलेल्या दोन भाकऱ्या. एवढंच ओझं घेऊन मी अखमीमहून नाईलवरचा पूल ओलांडून सोहागला गेले. काम साधं होतं. कॅसेटींतले आवाज संगणकात उतरवायचे आणि दुपारच्या आत घरी यायचं.

मला शाळा माहीत नाही. अक्षरं मी दाण्यांच्या पुड्यांवरून शिकले. संगणकावर आवाज कापणं-जोडणं चौसष्टाव्या वर्षी शिकले, आणि तेही चिडून. आमच्या बायकांचं रडणं उचलून, खाली ढोल ठोकून, लोक ते लग्नात वाजवायला लागले होते. म्हटलं, आमचं आम्हीच सांभाळू.

माझी बहीण तफीदा शोक गाणारी होती. मयताच्या घरी ती मधे बसायची. एक ओळ ती म्हणे, उत्तराची ओळ भोवतीच्या बायका म्हणत. नेम एकच: गेलेलीचं नाव आधी घ्यायचं, मग सूर लावायचा. बिननावाचा शोक आमच्यात कोणी गात नाही. तो मोकळा सुटला की नाव शोधत फिरतो, असं आमच्या आया सांगत. मी ते कधी खरं मानलं नव्हतं.

पाच कॅसेटींत पाच जणींचे शोक. चौघी गावातल्या. पाचवी माझी नर्गिस, एकोणिसाव्या वर्षी तापाने गेलेली. त्याला बत्तीस वर्षं झाली. नंतर तफीदाही गेली. लेकीसाठी रडलेला तेवढा एक आवाज जगात उरला होता, आणि तो माझ्या पिशवीत होता.

कॅसेटचं धड यंत्र सोहागमध्ये रऊफकडेच. तो लग्नाची गाणी करतो. बायको सामाह वरच्या मजल्यावर, स्टुडिओ खाली. फिती कुजल्या होत्या. भिजलेल्या लोकरीसारखा वास येत होता. रऊफने हुंगून सांगितलं, की एकदाच वाजतील, वाजता वाजता थर गळून जाईल, दुसरी संधी नाही. मी म्हटलं, एकदा पुरे.

नर्गिसचा शोक आधी उतरवला. मग नाव लिहायची वेळ आली. आमच्याकडे आदराचा शब्द आधी, मग तिरपी रेघ, मग नाव. पाटीवर, पत्रिकेवर, कबरीवर, सगळीकडे. गेलेल्या बाईसाठी तो शब्द मरहूमा. मी लिहिलं: मरहूमा, रेघ, नर्गिस.

“मावशी, ती रेघ काढा. प्रोग्रॅमला चालत नाही.”

“त्याला काय चालतं ते मला विचारायला सांग. लेकीला काय शेळीसारखी नुसत्या नावाने हाकारू?”

“अहो, रेघेच्या जागी मोकळी जागा सोडा. काय बिघडलं?”

“तिच्या दगडावर रेघ आहे. इथेही राहील. तू जा, जेव.”

तो हसत वर गेला. बाकीच्या चौघींची नावंही मी तशीच लिहिली. दुसऱ्या शोकाला पडद्यावर परक्या भाषेतली एक चौकट आली. मला ती वाचता येत नव्हती, आणि हे रऊफला कळू द्यायचं नव्हतं. मी ‘हो’ची कळ दाबली. पुढच्या तिन्ही वेळा चौकट पुन्हा आली. मी पुन्हा दाबली. पाचही शोक झाले.

तोवर बाहेर खमसीन, वाळवंटातला धुळीचा वारा, सुटला होता. भर दुपारी खिडकी तांबडी झाली, मग काळी. पत्र्याची झडप आपटत होती. दाताखाली वाळू यायला लागली. रऊफने खाली येऊन दिवा लावला आणि पडद्याकडे वाकला.

तिथे एकच फाइल होती. नाव: मरहूमा.

रेघेपासून पुढचं सगळं यंत्राने कापून टाकलं होतं. नर्गिसही कापली. पाच वेळा तेच नाव उरलं, आणि दुसऱ्या शोकापासून चौकट दर वेळी विचारत होती की जुन्यावर नवं लिहू का. मी म्हणत होते, हो. कॅसेटींत तपकिरी भुकटी उरली होती.

मी टेबलावर हात आपटला. ते यंत्र बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या. त्यांच्या गावात मेलेल्या माणसाच्या नावाआधी काही लागतच नाही का? आणि ठेवायचं नव्हतं तर तोंडावर नाही म्हणायचं होतं. गुपचूप मान का कापली? मग रऊफ हळूच म्हणाला, की शेवटचा शोक नऊ मिनिटांचा होता ना... ही फाइल एकेचाळीस मिनिटांची आहे.

त्याने ती लावली.

तफीदाने घसा खाकरला. नाव घ्यायची जागा आली, आणि तिथे काहीच नव्हतं. नुसता श्वास. मग पुन्हा खाकरणं. बहिणीची खोड मला ठाऊक होती. नाव आठवेना की ती अशीच खाकरून माझ्याकडे बघायची.

“नर्गिस,” मी म्हटलं. “नर्गिस म्हण, तफीदा...”

“तिचं रडून झालं गं,” स्पीकरमधून आवाज आला. दमलेला, नेहमीचा. “आता कोण... ते सांग.”

रऊफने वायर उपटली. श्वास थांबला नाही. रऊफ पांढरा पडला होता. पुटपुटला, की हिला नाव हवंय, काहीही देऊ, बंद होईल. त्याची बोटं कळांवर गेली आणि जे तोंडी असतं तेच त्यांनी लिहायला घेतलं. पहिलं अक्षर ‘सा’ उमटलं. वर सामाह कांदा तळत होती. तळण्याचा आवाज थांबला.

मी त्याच्या हातावर फटका मारला. अक्षर पुसलं. संताप एवढा होता की भीतीला जागाच नव्हती. माझ्या लेकीचं रडणं खाऊन वर परक्याची बायको मागतेस? घे. मी लिहिलं: बहिया. माझं नाव. आदर नाही, रेघ नाही. यंत्राने ते मुकाट घेतलं.

वर झारा पुन्हा वाजला. आणि तफीदा गायला लागली.

शब्द नर्गिसचेच होते. एकही गळला नव्हता, वेणीचे, कोऱ्या कपड्यांचे, विहिरीचे. फक्त नाव माझं. माझी वस्तू मला परत मिळाली. किंमत विचारायला मी कोणाकडे गेले नाही.

त्याला आता सात महिने झाले. फाइल माझ्याकडे आहे, मी रोज लावते. उत्तराची ओळ म्हणणाऱ्या सगळ्या बायका मला आवाजावरून ओळखू येतात, सगळ्या गेलेल्या. त्यांच्यात एक आवाज आहे जो मूळ कॅसेटवर असणं शक्य नव्हतं. ओळीच्या शेवटी ती ‘बहिया’ म्हणत नाही, ‘आई’ म्हणते.

नर्गिस गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. हा आवाज पन्नाशीच्या बाईचा आहे. दोन ओळींच्या मधे तिला दम लागतो.