खुर्चीमागचा सीत्से

खुर्ची थेट माझ्या पोटऱ्यांवर आदळली आणि मी गोठलेल्या कालव्याच्या बर्फावर मटकन बसले. वळून पाहते तर खुर्चीमागचा उंचापुरा तरुण माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला.

"लागलं? रक्त येतंय?"

"नाही हो. पण खुर्ची? तुमच्या वयाला?"

आमच्याकडे खुर्ची ढकलत स्केटिंग शिकतात ती चार वर्षांची पोरं. तो ओशाळला.

"मी सीत्से, पलीकडच्या गावचा. जन्मभर काठावरूनच पाहिलं... माझं रक्त थांबायचंच नाही. साधं पडलो तरी गुडघ्यात आतल्या आत साचायचं."

"आणि आता?"

"उन्हाळ्यात एकच सलाईन लावलं. त्यातून चांगलं जनुक शरीरात पोचवलं. डॉक्टर म्हणतात, आता थांबेल. पण अजून पडून पाहिलं नाही."

"म्हणून आधी मला पाडून पाहिलंत."

तो हसला. त्या हसण्यापायी मी नको तो शहाणपणा केला. "मी आफ्के. सोडा ती खुर्ची, माझे हात धरा."

आम्ही छान निघालो होतो. तो अगदी लहान मुलासारखा खुश... तेवढ्यात बर्फाच्या भेगेत त्याचा पाय अडकला आणि तो गुडघ्यावर आपटला. मी त्याला कसंबसं उठवलं.

काठावरच्या बाकावर आम्ही बसलो. मी वाटाण्याचं गरम सूप आणलं, कुणीच प्यायलं नाही.

"थोड्या वेळात कळेल," तो म्हणाला. "पूर्वी एव्हाना गुडघ्याचा भोपळा व्हायला लागायचा."

मी हातमोजा काढून हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "सुजायला लागला तर सांगते."

"तू नर्स आहेस?"

"नाही. चीज विकते."

सूप पार गार झालं. शेवटी त्याने पँट वर सरकवली. गुडघ्यावर निळा डाग, बस्स. सूज नावालाही नाही. मी पुन्हा हात ठेवून खात्री केली आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्याने फोन लावला. "आई, पडलो... अगं, रडतेस काय? नुसतं निळं झालंय." त्याचेच डोळे वाहत होते. हा माणूस मला आवडलाय, हे मला तेव्हाच कळून चुकलं.

फोन ठेवून तो हळूच म्हणाला, "आता हात काढलास तरी चालेल."

"चालेल की," मी म्हणाले... आणि तसाच ठेवला.