गुरांची आडवी वाट

पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला एक बोटभर नेचा पुन्हा शोधून काढायचा, एवढ्यासाठी पंचशीला मॅडम किनवटच्या जंगलात निघाल्या होत्या! लातूरच्या एका क्लासमध्ये त्या जीवशास्त्र शिकवायच्या. शिकत असताना एका नाल्याच्या कड्यावर त्यांना तो नेचा सापडला होता; वहीत दाबून ठेवला आणि ती वहीच पावसात भिजून गेली. तेव्हापासून त्यांच्या प्रबंधातलं एक पान कोरं होतं. या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी तीन विद्यार्थी सोबत घेतले.

बुद्धप्रिया नांदेडची, क्लासमध्ये पहिली. मिहिर तिसरा. आणि देवणीची मुग्धा, एकशेबारा जणांत एकशेनववी! मॅडमनी आपल्याला कशाला घेतलं, हे कोडं नांदेडहून किनवटपर्यंतच्या रेल्वेप्रवासात मुग्धाला काही उलगडलं नाही. कीव आली असणार, दुसरं काय?

क्लासच्या पोरांना एक खोड जडलेली असते. दर रविवारी भिंतीवर गुणांची यादी लागते, आणि मग पाण्याच्या नळावर आधी कोण, हेसुद्धा ती यादीच ठरवते. जंगलाकाठच्या गावात जीपमधून उतरल्याबरोबर, कुणी न सांगता, कामं वाटली गेली. पहिल्या नंबराकडे नकाशा, तिसऱ्याकडे कॅमेरा, एकशेनवव्याकडे भाकऱ्यांची पिशवी. मॅडम बघत होत्या. 

गावच्या वनसमितीची वही नीलाबाईंकडे असे. वाटाड्या म्हणून रामकिशन यायचा होता.

"त्यो तापानं फणफणून राहिलाय," नीलाबाई म्हणाल्या. "जायचंच आसंल तर कडंकडंनं जावा. नाल्यात उतरू नगा. वर कुठं पाऊस झाला तर खाली कळत न्हाई." त्यांनी वहीत नावं लिहायला घेतली. "तुझं काय गं?"

"माझं शेवटी लिहा," मुग्धा पुटपुटली.

वाटाड्याचा रकाना तेवढा रिकामा राहिला.

सकाळ मोठी देखणी होती. सागाची परातीएवढी पानं दवाने ओथंबली होती, धावड्याच्या शेंड्यांवर वानरांची पोरं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती, आणि मोहाच्या झाडाखालून जाताना मॅडम दर दहा पावलांना थांबून काहीतरी हुंगत होत्या. मुग्धाला त्यांचं ते लहान मुलासारखं हरखणं फार आवडलं.

तासाभराने वाट फुटली. बुद्धप्रियाच्या मोबाइलवरच्या नकाशातली निळी रेघ सरळ खाली उतरत होती. गुरांच्या खुरांनी मळलेली वाट मात्र डावीकडे, डोंगराच्या कडेने वळली होती. मुग्धाच्या नजरेने ती लगेच हेरली. देवणीत आजोबांच्या, गुरुपादप्पांच्या गुरांमागे ती वाढली होती. 'माय, ज्या उताराला गाय बिचकती, तिथं आपण पाय टाकू न्हाई,' हे त्यांनी तिला पाचव्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. तिने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. एकशेनववीने पहिलीला वाट शिकवायची?

चौघे सरळ खाली उतरले.

उतार संपला आणि समोर तो कडा! ओला, काळा, शेवाळलेला. कड्याच्या पायथ्याशी घोट्याएवढं पाणी वाहत होतं आणि पलीकडे, डोक्याच्या उंचीवर, एका फटीत हिरवी बोटं हलत होती.

"तोच!" मॅडम ओरडल्या. नीलाबाईंचं बोलणं त्या साफ विसरल्या. एक दगड, दुसरा दगड, आणि तिसऱ्यावर पाय सटकला! मॅडम पाण्यात बसल्या त्या घोटा धरूनच.

बुद्धप्रिया धावली. मिहिर मात्र कड्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही बसा, मी आणतो! दोन मिनिटं!"

मुग्धाची नजर पाण्यावर होती. मघाशी नितळ होतं, आता चहासारखं झालं होतं. एक काटकी आली. मग चार. मग पानांचा अख्खा गुंताच. 

"मॅडम... मला वाटतंय..."

कुणालाच ऐकू गेलं नाही. होस्टेलच्या गच्चीवरून एकदा तिने मैत्रिणीला गुरं वळायच्या आवाजात हाक मारली होती. सगळा मजला हसला होता. तेव्हापासून तिने आपला आवाज निम्मा करून टाकला होता. पण निम्म्या आवाजाने आज भागणार नव्हतं! मिहिर कड्याला हात लावायच्या बेतात होता, मॅडम पाण्यात होत्या, आणि वरून लोंढा येतोय, हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

"हेऽऽऽ होऽऽ! थांऽऽब!"

दरी दणाणली. मिहिर जागच्या जागी थिजला.

"पाणी यायलंय! वर पाऊस झालाय! सोड ते, माघारी फिर!"

तो फिरला. तिघांनी मॅडमना उचललं. बुद्धप्रियाने समोरची चढण दाखवली. "इथून जवळ आहे!"

"जवळ हाय, पण माती सुटलीय. गुरं सरळ चढत न्हाईत. आडवं चला, माझ्या मागं!"

खुरांचे ठसे. घासून गुळगुळीत झालेलं एक मूळ. शेणाचा वाळका पो. मुग्धा खुणा वाचत पुढे सरकत होती. मॅडमचा एक हात तिच्या खांद्यावर, दुसरा बुद्धप्रियाच्या. भाकऱ्यांची पिशवी आता मिहिरच्या गळ्यात. एक वळण. दुसरं वळण. पाय घसरला, सावरला! तिसऱ्या वळणावर खाली धडधडाट झाला आणि लाल पाण्याचा लोंढा मघाच्या त्या तिन्ही दगडांवरून गेला. कडा अर्धा बुडाला. नेचा दिसेनासा झाला.

 मॅडमनी दोन्ही पोरींचे खांदे घट्ट दाबून धरले.

वर आले ते भलत्याच बाजूला; गाव कुठे, कळेना. नकाशाचा मोबाइल भिजून बंद पडला होता. मुग्धाने ओढणी फाडून मॅडमचा घोटा आवळून बांधला आणि कान देऊन बसली. बराच वेळ गेला. मग दुरून एक घंटा वाजली.

"उन्हं कलली की गुरं घराकडं तोंड करत्यात," ती म्हणाली. "चला."

घंटेच्या मागे मागे, लंगडत, हाशहुश करत, दिवस मावळायच्या आत चौघे नीलाबाईंच्या ओसरीवर पोचले. नीलाबाईंनी आधी मनसोक्त शिव्या घातल्या, मग घोट्याला हळदीचा लेप लावला.

"मला वाटलं, कीव आली म्हणून तुम्ही मला आणलं," मुग्धा हळूच मॅडमना म्हणाली.

"कीव? अगं, उत्तरपत्रिकेच्या मागे तू पानं काढतेस. शिरा मोजून! तसं बघणारं माणूस मला हवं होतं."

"पण मॅडम, वाट फुटली तिथंच मला कळलं होतं. मी बोलले न्हाई."

"चुकलीस. मीही चुकलेच की, नाल्यात उतरले. पण आम्हाला वर काढलंस, तेही तूच ना?" मॅडमनी तिच्या केसांतलं पान काढलं. "नेचा पुढच्या वर्षीही उगवेल गं."

बुद्धप्रिया खाली बघत म्हणाली, "मला त्या फाट्यावर काहीच कळत नव्हतं. पण पहिली आहे ना, विचारायची लाज वाटली."

मुग्धाने तिच्या पाठीवर एक धपाटा घातला. दोघी हसल्या आणि हसता हसता रडल्याही.

परत आल्याच्या सह्या घ्यायला नीलाबाईंनी वही पुढे केली. "ह्यो वाटाड्याचा रकाना मोकळाच हाय. काय लिवू?"

बुद्धप्रियाने पेन मुग्धासमोर धरला.  वही मांडीवर ओढून मुग्धाने सावकाश, जोर देऊन आपलं अख्खं नाव लिहिलं: मुग्धा बसवराज बिरादार. रकान्यात ते मावलं नाही, थोडं शेजारच्या रकान्यात गेलं. तिने ते तसंच राहू दिलं.

"मिहिर!" ती पूर्ण आवाजात ओरडली. "भाकऱ्यांची पिशवी उघड, लई भूक लागलीय!"