पाहिले

आयुष्यात मी एकदाच मोठं खोटं बोलले. त्याची फळं अजून भोगतेय, म्हणून इथे पदरचा एक शब्दही घातलेला नाही. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या.

सात तारीख. रविवार. सकाळचे साडेसात.

प्रयोगशाळेत मी एकटीच होते. काचेच्या बाटल्यांत वाढवलेल्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी खाऊ घालावंच लागतं. "ठमे, पेशींना रविवार कळत नाही," असं मावशी म्हणायची.

माझी सख्खी मावशी. तिनेच मला इथे आणलं, हाताला धरून काम शिकवलं. घशाच्या कॅन्सरच्या गाठीत एक विषाणू लपून बसतो, हे शोधण्यात तिची बावीस वर्षं गेली. घरची लग्नं चुकली, डोळे अधू झाले.

आमच्याकडे नियम आहे. प्रयोग त्याच दिवशी वहीत लिहायचा, खाली सही करायची. तो डोळ्यांनी बघणाऱ्याने शेजारी लिहायचं, 'पाहिले'. सही, तारीख.

नऊ वर्षं मावशीच्या वहीत ते 'पाहिले' मी लिहिलं.

मग प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी तो शोध आपलाच म्हणून सांगितला. मावशीने तक्रार केली, चौकशी बसली. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वही बाद झाली की भांडण मिटेल म्हणाले. शोधनिबंधात मावशीचं नाव घालतो, तुझी नोकरीही पक्की करतो, म्हणाले.

मी काही भोळी नव्हते. मला नोकरी हवी होती.

चौकशीत मी सांगितलं, "मी न बघताच सह्या करायचे."

मावशी समोरच बसली होती. आवाज चढवला नाही तिने.

"परक्याने गळा कापला असता तर सोसलं असतं गं. तू केसाने कापलास."

निबंध छापून आला. तिचं नाव कुठेच नव्हतं.

माझं होतं.

ती परत माझ्याशी बोलली नाही. आठ महिन्यांनी गेली. शेवटचं भेटायलाही मला आत घेतलं नाही.

तर त्या रविवारी मी वही लिहून माझी सही केली. साक्षीदाराची जागा कोरी ठेवली, कारण बघायला कोण होतं? मग हात धुवायला पलीकडच्या खोलीत गेले.

तेवढ्यात पेशींच्या उबदार कपाटाची घरघर थांबली...

आणि आवाज आला.

टक... टक...

मावशीच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. कुणी बसलं की ते असंच डुगडुगायचं. मी धावत आले. स्टूल रिकामं. दाराला आतून कडी.

वहीत माझ्या सहीशेजारी शाई अजून ओली होती...

'पाहिले.' खाली मावशीची सही. तारखेतल्या सातला मध्ये आडवी रेघ. सातला अशी रेघ आमच्याकडे फक्त तीच मारायची.

कुणीतरी चेष्टा केली असेल म्हणून सरांकडे वही नेली. ते हसत हसत बघायला लागले. मग हसू मावळलं. ते पान त्यांनी टराटरा फाडलं आणि मला म्हणाले, "यातलं बाहेर कुठे बोलू नकोस."

पुढच्या रविवारी त्या दिवसाच्या पानावर पुन्हा सही होती.

मी वही खणात ठेवू लागले, किल्ली पर्समध्ये. काही उपयोग झाला नाही.

आज आठवा रविवार, सव्वीस तारीख. उद्या त्या शोधासाठी सरांचा सत्कार आहे. शोध कसा लागला हे डोळ्यांनी पाहणारी म्हणून मला दोन शब्द बोलायचे आहेत. काय बोलायचं ते सरांनी टाइप करून दिलंय. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे.

मघाशी वही उघडली. उद्याचं पान अर्थातच कोरं. अजून काही घडलेलंच नाही.

पण खाली... 'पाहिले.' सही. तारीख सत्तावीस. सातला आडवी रेघ.

उद्या उभं राहून मी काय बोलणार, ते माझं मलाच ठाऊक नाही.

तिला ठाऊक आहे.