सोमवारी गेलेले दोन कागद

"पोलिसांकडे गेले नाही," मुलगी म्हणाली, "कारण चोर घरातलाच आहे."

चामराजपेटेत उदबत्तीच्या दुकानावर एक खोली होती. तिथे सकवारबाई शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. लग्नाच्या स्थळांची गुपचूप चौकशी करून देणं हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. मुलगा खरंच इंजिनियर आहे का, आधीचं लग्न लपवलंय का, हे त्या चार घरी कॉफी पिऊन शोधून काढत. त्यांच्या सोबतीला जयतीर्थ, निवृत्त बँक कारकून. नोंदी सुबक अक्षरात ठेवत आणि निष्कर्ष मात्र घाईने काढत.

"बैस," सकवारबाई म्हणाल्या. "काय गेलं?"

"कागद. आय-ट्वेंटी म्हणतात त्याला." मुलीने मांडीवरची फाईल घट्ट धरली. तिचं नाव वेदिका आगटे, वय एकोणीस, राहणार मल्लेश्वरम. "अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजनं मला प्रवेश दिलाय. त्यांनी सही करून पाठवलेला तो कागद असल्याशिवाय व्हिसाच्या खिडकीवर उभंसुद्धा करत नाहीत. रविवारी रात्री कपाटात, या फाईलमध्ये होता. सोमवारी संध्याकाळी नव्हता. आज बुधवार. व्हिसासाठी येत्या रविवारी रात्री मद्रासची गाडी आहे."

"कम्युनिटी कॉलेज म्हणजे?" जयतीर्थांनी पेन उघडलं.

"गावचं कॉलेज. दोन वर्षांचं. तिथे श्वासाच्या रुग्णांवर उपचार करायचा कोर्स आहे." तिने फाईलचा कोपरा सरळ केला. "माझी आई दम्यानं गेली. तीन वर्षं झाली."

सकवारबाईंचे हात पाल्यावर थबकले.

"नवा कागद मागवता येईल की."

"येईल. पण तोही जाईल ना, मावशी? आधी मला कळायला हवं, कोण."

सकवारबाईंनी फाईल मागून घेतली आणि सावकाश चाळली. पहिलीपासूनच्या गुणपत्रिका होत्या. प्रत्येकीच्या वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं फिकट बोट उमटलेलं होतं. दहावीपर्यंत. त्यापुढच्या कागदांचे कोपरे कोरे होते.

"आई लावायची," वेदिका हलकेच हसली. "महत्त्वाचा कागद घरात आला की आधी देवापुढे. पासपोर्टच्या अर्जालाही लावलं होतं, तर तो परत आला. बाबा इतके चिडले होते! आता कोण लावणार? बाबा तर आई गेल्यापासून देवघरात पाऊलही टाकत नाहीत. मी संध्याकाळी दिवा लावते, तेवढंच."

"संध्याकाळी येते," सकवारबाई म्हणाल्या. "घरात सगळे असतील तेव्हा."

बसमध्ये त्या एक ओवी गुणगुणत होत्या.

*लेक निघाली दूर देशा, आई डोळे पुसी पदरानं…*

"पुढे काय, अक्का?" जयतीर्थांनी विचारलं.

"पुढचं जुळत नाही अजून. स्वल्प थांबा."

मल्लेश्वरमच्या घरात खाली घरमालकीण राजलक्ष्मी राहत. वर आगट्यांचं बिऱ्हाड. बावीस वर्षं मराठी माणसं डोक्यावर राहिल्यामुळे राजलक्ष्मींना मराठी येई, आपल्या चालीवर.

"अय्यो, मी घेतला म्हणतात का?" त्यांनी वीणेवरचं फडकं झटकलं. "मला ही पोरगी सून पाहिजे होती, खरं आहे ते. माझ्या मुलाला तीच नको म्हणाली. सरी, बरं म्हटलं, सोडला विषय. रोज सकाळी सहाला माझ्याकडे वीणा शिकते, तेवढी तरी माझी आहे."

"सोमवारी आली होती?"

"आली की. समोरच बसली होती. वरती भांडं पडलं, टण्ण करून, तेव्हा दोघींची तान चुकली. ही म्हणाली, बाबांचा तांब्या असेल."

"तेव्हा वर कोण?"

"तिचे अण्णा, म्हणजे बाबा, असणार. पावणेसातच्या फॅक्टरी बसनं जातात. आणि तो ईशान. तो आठपर्यंत घोरतो, इथे खाली ऐकू येतं."

जिन्यात जयतीर्थ कुजबुजले, "ईशान. लिहून ठेवा माझं."

ईशान हा वेदिकाचा चुलतभाऊ. नोकरीसाठी साताऱ्याहून काकांकडे येऊन राहिलेला. तो दारातच म्हणाला, "या, मला विचारा आधी. व्हिसा दोनदा नाकारलाय माझा. सगळ्यात जास्त पोटदुखी मलाच असणार, नाही का?"

"आहे का पोटदुखी?"

"आहे थोडी," तो म्हणाला. मग वेदिकाकडे बघून हसला. "पण हिचा अर्ज मीच टाइप केला, मावशी. या कॉलेजचा पत्ता मीच शोधला. म्हटलं, आमची गाडी चुकली, हिची तरी मिळावी. तेवढं करून मीच कागद कशाला उडवू? आणि सोमवारचा दिवसच वाईट होता. पेपरसुद्धा आला नाही. आपण कसोटी कशी हरलो ते मला ऑफिसात जाऊन वाचावं लागलं."

"पेपर आला होता," वेदिका म्हणाली. "खाली जाताना मी दारातून उचलून टेबलावर ठेवला होता."

"मग मला कसा दिसला नाही?"

"तुला डोळे उघडल्यावर तासाभरानं दिसायला लागतं."

तेवढ्यात विद्याधर आगटे स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन आले. सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख. उंच, शिस्तीचे, डोळ्यांखाली जाग्रणाची काळी वर्तुळं. त्यांनी पेला पुढे केला तेव्हा उजव्या अनामिकेच्या नखाशी लाल रेघ दिसली.

"लागलंय का काही, साहेब?"

त्यांनी बोट चटकन मुठीत घेतलं. "लाल शाई. ड्रॉइंगच्या दुरुस्त्या करतो."

"लेकीनं जाऊ नये असं तुम्हाला वाटतं, म्हणे."

"वाटतं. उघड बोललोय मी. इथे डिग्र्या नाहीत का? कुठल्या तरी गावचं दोन वर्षांचं कॉलेज! आणि श्वासाचा कोर्स केला म्हणून गेलेली परत येणार आहे का?" आवाज चढला तसा एकदम उतरला. "पण मी चोर नाही. मी तिला एवढंच म्हटलं की घाई करू नको. रविवारचं तिकीट बदलून पुढच्या आठवड्याचं काढ."

"कागदच नाही, तर पुढच्या आठवड्यात जाऊन काय करू?" वेदिका तुटकपणे म्हणाली.

विद्याधरांनी कॉफीचा दुसरा पेला जयतीर्थांपुढे केला.

सकवारबाईंनी देवाला नमस्कार करायची परवानगी मागितली. देवघर म्हणजे भिंतीतला एक कोनाडा. लहानसे पितळी देव, कुंकवाचा करंडा, छोटं पंचपात्र, मागे भिंतीला टेकवलेला वेदिकाच्या आईचा, प्रतिमाताईंचा फोटो. जयतीर्थांनी वाकून हात जोडले आणि कळवळून म्हणाले, "देवा, इथेही बर्मिंगहॅमच्या हरलेल्या कसोटीचा स्कोअर!"

देवांखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं.

सकवारबाई बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जयतीर्थ, राजलक्ष्मीबाईंना वर बोलवा. सगळे बसू या."

सगळे पुढच्या खोलीत बसले. बाहेर फुलवालीची हाक रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन विरली.

"आधी तुम्ही बोला," त्या जयतीर्थांना म्हणाल्या.

जयतीर्थांनी घसा साफ केला. "दोनदा व्हिसा नाकारलेला. घरात हजर. उशिरा उठल्याचं सोंग. ईशान."

"शाब्बास," ईशान म्हणाला. "आता बेड्या आणा."

"बेड्या राहू द्या," सकवारबाई म्हणाल्या. "सोमवारी या घरातनं दोन कागद गेले. एक अमेरिकेचा. दुसरा ईशानचं वर्तमानपत्र. दुसरा जयतीर्थांनीच शोधला. देवांच्या खाली."

जयतीर्थांनी आपल्या वहीकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना फसवलं होतं.

"वेदिका दिवा लावते, तेवढंच. देवघरात दुसरं कुणी जात नाही. मग त्या दिवसाचा, कुणी न वाचलेला पेपर देवांखाली कुणी घातला? आणि का? माणूस हाताला येईल तो पेपर घालतो, तो खालचा भिजल्यावर. सहानंतर, वीणेच्या वेळी, भांडं पडलं. तांब्या नव्हे, देवघरातलं पंचपात्र. तेव्हा वेदिका राजलक्ष्मीबाईंसमोर होती, म्हणजे त्या दोघी सुटल्या. वर उरले दोघं."

"मी झोपलो होतो," ईशान म्हणाला.

"माहीत आहे. तुम्ही नुसता कागद चोरला असता. चोराला पाणी घेऊन देवापुढे जायचं काय काम?" त्यांनी फाईल उघडली. "या घरात महत्त्वाचा कागद देवापुढे नेतात ते एकाच कामासाठी."

वेदिकाची नजर गुणपत्रिकेच्या कोपऱ्यावर खिळली.

"साहेब, लाल शाई लागते ती अंगठ्याला, पहिल्या बोटाला, मधल्या बोटाला. अनामिकेनं कुणी पेन धरत नाही. त्या बोटानं माणूस कुंकू लावतो."

विद्याधरांची मूठ आणखी आवळली.

"बाबा?" वेदिकानं वर पाहिलं. "तुम्ही तर…"

"प्रतिमाताई कोरडं कुंकू लावायच्या. कागदांवर बघा, नुसतं बोट टेकवलंय. साहेबांना ते ठाऊक नव्हतं. गंध कालवतात तसं त्यांनी पाण्यात कालवलं. पंचपात्र काठाशी असणार. कोपर लागलं."

मग विद्याधर उठले. कोनाड्यापाशी गेले आणि फोटोमागून एक कागद काढून मुलीच्या हातात दिला. अर्धं पान लाल झालं होतं. सहीची निळी शाई पसरून तिचं तळं झालं होतं. फक्त वरच्या कोपऱ्यात एक गोल, नीट, शहाणं बोट उमटलं होतं.

"पहिलं बरोबर लागलं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या कोपऱ्याकडे वळलो, आणि…"

"मला सांगितलं का नाही?"

"कोणत्या तोंडानं? सहा महिने नको नको म्हणत होतो. तू म्हणाली असतीस, बाबांनी मुद्दाम केलं."

म्हणाली असती, हे वेदिकालाही ठाऊक होतं.

"आता तिकिटाचं," सकवारबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ज्याला लेकीला अडवायचंय तो तिकीट रद्द कर म्हणतो. पुढच्या आठवड्याचं काढ म्हणत नाही. साहेब, नवा कागद कधी येतोय?"

विद्याधरांनी खिशातून चार घड्या घातलेले दोन फॅक्स काढले, एक त्यांनी पाठवलेला, एक उत्तराचा. सोमवारी दुपारी त्यांनी कॉलेजला कळवलं होतं. कागद पाणी सांडून खराब झाला, चूक माझी, मुलीची नाही. उत्तर आलं होतं: नवा कागद सही करून कुरियरने पाठवला आहे, आठवड्याभरात मिळेल. वर्ग सुरू व्हायला दोन महिने आहेत, काळजी नसावी.

ईशानने काकांनी पाठवलेला फॅक्स दोनदा वाचला. "काका, मुलीची नाही, हे दोनदा लिहिलंय तुम्ही."

"इंग्रजी पत्रात जोर कसा द्यायचा ते कळेना," विद्याधर म्हणाले.

राजलक्ष्मींनी डोळ्यांना पदर लावला आणि ईशानला म्हणाल्या, "तू सकाळी लवकर उठत जा रे. घरात इतकं होतं, घोरतोस काय."

"जायला हवं का तुला?" विद्याधरांनी मुलीला विचारलं. पहिल्यांदाच, उत्तर ऐकून घेण्यासाठी.

"हवं, बाबा. आई शेवटच्या रात्री श्वास मोजत होती. मला तेव्हा काही करता आलं नाही."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

सकवारबाई चपला घालत होत्या. "नवा कागद आला की कोरडंच लावा हां, अण्णा," त्या म्हणाल्या. साहेबाचं अण्णा कधी झालं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

वेदिका देवघरातून करंडा घेऊन आली.

"नव्या कागदाला नको, बाबा," ती म्हणाली. "मला लावा."

विद्याधरांनी बोट करंड्यात बुडवलं. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरलं, जसे ते ड्रॉइंगवर सरळ रेघ ओढताना धरत असतील.

जिना उतरताना जयतीर्थांना ओवीचा दुसरा चरण ऐकू आला. त्यांनी तो वहीत सुबक अक्षरात लिहून घेतला.

*बाप उभा दाराआड, त्यानं पुसावे कशानं?*