नाव नसलेलं स्टेशन

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. मी स्वतः तिथे होते. नावंसुद्धा बदललेली नाहीत, काकाच म्हणाले, बदलू नको.

मागच्या वर्षीचा मे महिना. नागपूर, लकडगंज. आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारची होती.

इथली मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली आहे, त्याला कळेल. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. लोक दारं लावून कूलरसमोर पडून राहतात. इतकी शांतता, की आपल्याच बांगड्यांचा आवाज मोठा वाटतो.

मी माझ्या काकांजवळ राहते. बाबाराव त्यांचं नाव. काकू गेल्या, मुलगा सौरव नोकरीला हैदराबादला. माझ्या शिकवण्या सकाळ-संध्याकाळ असतात, दुपारी आम्ही दोघंच घरी. आमच्या खाली आरामशीन आहे. दिवसभर लाकूड कापलं जातं, जेवणाच्या सुट्टीत तेवढी बंद होते.

साखरेमुळे काकांचे डोळे गेल्यासारखेच आहेत. माणूस ओळखतात ते आवाजावरून. त्यामुळे रेडिओ म्हणजे त्यांचा जीव. सौरवने मोबाईलवर गाण्यांचं ॲप टाकून दिलं होतं, पण ते त्यांना आवडलं नाही.

"ते मलेच विचारते, काय ऐकाचं म्हणून," काका म्हणायचे. "मले काय माहीत? रेडिओ कसा, तो आपणहून सांगते."

मग एप्रिलमध्ये सौरवने डिजिटल रेडिओ पाठवला. नेट लागत नाही, आवाज काचेसारखा स्वच्छ, आणि छोट्या पडद्यावर स्टेशनचं नाव येतं. काका लहान मुलासारखे खूश झाले. जुना रेडिओ, मोबाईल आणि नवा सेट, तिन्ही एकदम लावून बसायचे. बातम्या आधी जुन्यावर यायच्या. तेच वाक्य थोड्या वेळाने नव्या सेटवर. आणि सगळ्यात शेवटी मोबाईलवर. एकच बाई तीनदा बोलायची, आणि आम्ही हसायचो.

एका दुपारी काकांनी मला हाक मारली. म्हणाले, एक नवीन स्टेशन लागलंय, नाव काय ते वाच.

मी पाहिलं. नावाची जागा कोरी होती.

रेंज मात्र पूर्ण.

डिजिटलमध्ये खरखर नसते. एकतर आवाज येतो, नाहीतर काहीच नाही. इथे मात्र काहीतरी होतं... नीट कान दिल्यावर कळलं, कूलरची घरघर होती. कुणाच्या तरी घरातली.

"कोनाचं तरी घर आहे वं हे," काका म्हणाले.

मी हसून स्वयंपाकघरात गेले. हातातलं झाकण फरशीवर पडलं.

क्षणभर शांतता...

आणि रेडिओत झाकण पडलं.

तसंच. घरंगळत जाऊन भिंतीला लागलं, तेसुद्धा.

मी सौरवला फोन केला. तो म्हणाला, सेटला माईकच नाही, तो फक्त स्टेशन पकडतो, घरातला आवाज त्यात जाणारच नाही. मी जुन्या रेडिओवर शोधलं, मोबाईलवर शोधलं. कुठेच काही नव्हतं.

फक्त त्या सेटवर. फक्त आमचं घर.

मला ते आवडलं नाही. काकांना मात्र गंमत वाटली. रोज दुपारी तेच लावून बसायचे. माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आवाज आधी उशिरा यायचा, तो उशीर कमी होत चालला होता. मग एक दिवस दोन्ही आवाज एकदमच आले. मी चालले की रेडिओत कुणीतरी माझ्याबरोबर चालायचं.

नंतर ती दुपार आली.

रेडिओतला कूलर बंद पडला.

मी मान वळवून पाहिलं. आमचा कूलर चालू होता. पडदा हलत होता. मी बघतच राहिले...

आणि लाईट गेली.

कूलर थांबला. सेट बॅटरीवर होता, तो चालूच राहिला. त्यात आता शांतता होती. आमच्या घरात होती तशीच.

त्यानंतर रेडिओ आमच्या पुढेच राहिला. आधी रेडिओत बेल वाजायची, मग दारावर. काका बेल वाजायच्या आतच दूधवाल्याला दार उघडायचे. मी विनवण्या केल्या, बंद करा म्हणून. ते म्हणाले, डोळे होते तेव्हा येणारा माणूस आधीच दिसायचा, आता निदान ऐकू तरी येतो.

महिना संपत आला होता. खाली आरामशीन जेवणासाठी थांबली. काका दिवाणावर बसले होते, सेट मांडीवर. मी समोर कपड्यांच्या घड्या घालत होते.

रेडिओत माझा आवाज आला.

"काका..."

माझे हात थांबले. मी तोंडही उघडलं नव्हतं.

"काका... उठा ना."

उत्तर नाही.

"उठा ना, काका."

मग चपलांचा आवाज. धावत. दार उघडलं, जिन्यावर पावलं गेली, आणि मागे फक्त कूलर उरला. काकांचा आवाज त्यात कुठेच नव्हता. खोकला नाही, श्वास नाही.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू इतकी घाबरलेली काहून आहे वं त्याच्यात?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सेट बंद केला. थोड्या वेळाने काका स्वतःच उठले, भिंत धरत चपलांपर्यंत गेले.

"चाल," ते म्हणाले. "रोहितकडे रामटेकले जाऊ. आत्ताच."

रोहित माझा भाऊ, तिथे धानाची शेती करतो. मी मेन स्वीच पाडला, कुलूप लावलं. सेट काकांनी पिशवीत घेतला, घरात ठेवू दिला नाही. आधी सीताबर्डीला डॉक्टरांना दाखवलं. बीपी, साखर, छातीचा ईसीजी. सगळं ठीक होतं.

रामटेकला मी भीतभीत तो सेट लावून पाहिला. ते स्टेशन लागलं नाही.

पाऊस पडून गेल्यावर आम्ही परत आलो. काका अगदी बरे होते. मी कुलूप काढत होते, तेवढ्यात खालच्या गोपिकाबाई जिना चढून आल्या. आरामशीन त्यांचीच आहे. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि कठड्याला धरून उभ्याच राहिल्या.

"भाऊजी बरे आहेत ना?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग तू त्या दिवशी रडून काहून राहिली होती वं?"

आम्ही गेलो त्याच आठवड्यातली दुपार, असं त्या म्हणाल्या. वरून माझा आवाज आला. काका, उठा ना, असं मी म्हणत होते म्हणे. मग जिन्यावरून धावत खाली येणारी पावलं. त्या आणि त्यांचे मिस्टर दार उघडून बाहेर आले. पावलं त्यांच्या समोरून गेली...

जिन्यावर कुणी नव्हतं.

वर येऊन पाहिलं तर दाराला कुलूप. आणि आत कूलर चालू.

मी आत जाऊन मेन स्वीच पाहिला. पाडलेलाच होता.

रेडिओ चालू राहिला असेल, असं त्यांचे मिस्टर म्हणत होते. पण सेट रामटेकला आमच्याजवळ होता.

नंतर आम्ही तो सौरवला परत पाठवला. त्याने तो कुणाला तरी देऊन टाकला. त्याने आता नवी गाडी घेतली आहे, तिच्यात डिजिटल रेडिओ कंपनीकडूनच बसवलेला आहे. तो म्हणतो, पुढे सगळं यावरच येणार, मोबाईलमध्येही येईल, जुने रेडिओ भंगारात जातील. दिवाळीला आम्हाला फिरवून आणणार आहे. मी काहीतरी कारण काढेन.

काका पुन्हा जुनाच रेडिओ लावतात. "थो खरखरते ना, तवा बरं वाटते," म्हणतात.

तब्येत चांगली आहे त्यांची. फक्त दुपारी ते झोपले की मी त्यांना हाक मारत नाही. कधीच नाही. चहा झाला की कप वाजवते, खुर्ची सरकवते, ते आपणहून उठतात.

आत्ता हे लिहितानाही ते समोर दिवाणावर झोपले आहेत. चहा करून ठेवून बराच वेळ झाला.

कप वाजवून झाला. खुर्चीही सरकवून झाली.

मी बसून आहे.