कावळ्याचं पान

कारंज्याच्या जत्रेत मी वाघाला विडी पाजली, ही गोष्ट खोटी आहे.

मानोऱ्याच्या विहिरीत पडून मी पाताळातल्या लग्नाला हजेरी लावली, तीही खोटी. मी सांगितली, तुम्ही पान चघळत ऐकली, दोघांचीही दुपार बरी गेली.

आता सांगतो ती मात्र घडलेली आहे.

शपथ घेत नाही. माझ्या शपथेला वाशीमच्या कोर्टाबाहेरचा पानवालासुद्धा विचारत नाही. पण वाचून झाल्यावर एक करा. आज जेवताना पहिला घास तोंडात घातलात की जरा थांबा... चव लागते का पाहा.

सन एकोणीसशे तेरा. भादवा महिना, पितरपाटाचे म्हणजे पितृपंधरवड्याचे दिवस. मंगरूळपीरकडचं आसेगाव.

तुम्ही रात्रीची वाट पाहत असाल तर ती या गोष्टीत नाही. जे झालं ते भर दुपारी, लख्ख उन्हात झालं. म्हणून तर ते विसरता येत नाही.

माझे मामा नानाजी कादंबऱ्या लिहीत. राजकन्या, भुयारं, विषाचे प्याले. घरात बसून त्यांना एक ओळ सुचत नसे. गावोगाव हिंडायचं, कोणी पान वाढलं की जेवायचं आणि त्या जेवणातून गोष्ट उचलायची, ही त्यांची रीत. आंबट कढी प्याले की खाष्ट सासू सुचे. पुरणपोळी खाल्ली की पुढच्या प्रकरणात लग्न ठरलेलं. डाळ कोणत्या विहिरीच्या पाण्यात शिजली हे एका घासात सांगत.

आणि खीर! खीर संपली की दोन बोटं पानावरून अशी ओढत की वखर फिरल्यासारख्या दोन सरळ रेघा उमटत. त्या रेघा पाहून बाया म्हणत, नानाजी जेवून गेले वाटते.

पण त्या साली मामा आटले होते. दोन वर्षांत एक पान लिहून झालं नव्हतं.

"भाच्या, डोक्यातली विहीर कोरडी पडली रे," म्हणत. "आता नुसता गाळ निंघून राह्यला."

म्हणून आम्ही निघालो. वाशीमहून मानोऱ्याला. गुलाम नबीची दमणी, म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. मागे लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन मी.

आसेगावाजवळ काळ्या चिखलात चाक रुतलं आणि निखळलं.

"नानासाहेब, उतरा बरं," गुलाम नबी म्हणाला. "गाडी नाई फसली. तुमचं पोट फसलं."

"अबे, हे पोट नाई, कारखाना हाय. याच्यातूनच कादंबऱ्या निंघतात."

"मंग दोन सालापासून संप हाय का कारखान्यात?"

मामा हसले नाहीत.

शेजारच्या वावरातून एक माणूस धावत आला. जगदेव त्याचं नाव. रस्त्यालगतच्या त्याच्या घरी त्या दिवशी बापाचं पितर होतं. बाप, झिंगराजी, मागल्या साली वावरात वीज पडून गेला.

"पितराच्या दिशी दारावर आला तो पाव्हना नसते, पितरच असते," जगदेव म्हणाला. "जेवल्याबिगर जाऊ देनार नाई."

मामांना दोनदा सांगावं लागत नसे.

घरात वडे, कढी, गव्हाची खीर. वास असा की मेलेला उठावा. (हे मी तेव्हा गमतीनं म्हटलं होतं.)

कावळ्याचं पान गोठ्याच्या बुटक्या भिंतीवर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. सगळे आत जाऊन बसले.

भिंतीलगतच्या कडुलिंबावर कावळेच कावळे होते. पण एकही ओरडत नव्हता...

एकही खाली उतरत नव्हता.

जगदेव हात जोडून अंगणात आला. "बाबा, काय राह्यलं? धाकटीचं लगन लावून देतो."

काही नाही.

"तुमची बैलजोडी इकनार नाई."

काही नाही.

त्याची माय, प्रयागबाई, उंबऱ्यावर बसून होती. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण चारचौघांत ते बाहेर पडेना.

मी परत जाऊन गुलाम नबीसोबत समोरच्या रस्त्यावर चाक बसवत होतो. मामा हातपाय धुवायला म्हणून गोठ्यामागे गेलेले दिसले.

थोड्या वेळानं त्यांची आरोळी आली.

"शिवला! शिवला! आत्ताच शिवला!"

घर एकदम हलकं झालं. पंगत बसली, हसणं सुरू झालं. मी सहज वर पाहिलं. कावळे जिथल्या तिथं बसलेले होते.

मग... सगळे एकदम उडाले. एकानंही काव केलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा प्रयागबाईनं भिंतीवरचं पान स्वतः उचललं. पानाकडे पाहिलं. मामांकडे पाहिलं.

"पुढच्या पितरपाटाले या, पाव्हने," एवढंच म्हणाली. "इसरू नका."

मानोऱ्याला गुलाम नबीची बहीण हाजराबी राहायची. तिनं दुधातल्या शेवया केल्या. मामांनी एक घास घेतला आणि थांबले.

"साखर सरली का व, बाई?"

"अव्वो, भाईजान! मुठीनं टाकली."

मी चाखल्या. साखरेचा पाक होता.

मामांनी कोशिंबिरीतली मिरची उचलली. चावली. दुसरी चावली. डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर घाम नाही.

"भाच्या," ते हळूच म्हणाले, "तोंडात मातीबी लागून नाई राह्यली. मातीले तरी चव असते."

दुसऱ्याच दुपारी त्यांचा हात लिहिता झाला.

दोन वर्षं आटलेला माणूस दौत बुडवून बुडवून लिहीत सुटला. मला आनंद झाला. मी मागून डोकावलो. राजकन्या नव्हती. भुयार नव्हतं. एक शेतकरी होता. लाल काठाच्या फडक्यात भाकर बांधून तो पहाटे घरातून निघतो. दारात वळतो. बायकोला काहीतरी सांगायला तोंड उघडतो...

आणि लेखणी थांबली.

शाई होती. कागद होता. हात पुढे सरकेना.

मामांनी कागद फाडला आणि नवी गोष्ट धरली. राजकन्या महालातून निघाली. दुसऱ्या पानावर तिच्या हातात लाल काठाचं फडकं आलं. तिसऱ्या पानावर ती दारात वळली. तोंड उघडलं...

पुन्हा तिथंच.

आणि तेव्हा आम्ही दोघांनीही ते ऐकलं.

मामांच्या पाठीमागे कोणीतरी जेवत होतं.

हळू... बोळक्या तोंडानं... दात नसलेला म्हातारा भाकर घोळवतो तसं.

वळून पाहिलं. भिंत होती.

कारंजा झालं, मंगरूळपीर झालं. मामा जेवायचे आणि वाळत जायचे. खाणारं तोंड त्यांचं, पण जेवण दुसऱ्याच कोणाला मिळत असावं. आणखी एक गोष्ट पहिल्यानं गुलाम नबीच्या ध्यानात आली.

"नानासाहेब, गुस्सा नका करू. एक पाह्यलं का? आपन जातो त्या गावात कावळा राहत नाई."

"बकतं का काही?"

"चला मंग बाजारात."

गेलो. खाटकाच्या दुकानावर कावळ्यांचा गोंगाट लांबूनच ऐकू येत होता. मामा गल्लीच्या तोंडाशी आले... आणि गोंगाट तुटला. छपरं रिकामी. खाटीक सुरी हातात घेऊन आभाळाकडे पाहत राहिला.

त्या दिवशी मामांनी मला सांगितलं.

"कावळा शिवलाच नव्हता रे. म्या खाल्लं. वडा अन् खीर. भूक लागली होती, वास सुटला होता, लोकं ताटकळून राह्यले होते. म्हटलं, कोनाचं काय बिघडते?"

ज्या घासासाठी मेलेल्याची इच्छा विचारायची, तो घास मामा गिळून बसले होते. त्याची इच्छा काय, हे कळायचं राहूनच गेलं.

पुढच्या भादव्यात आम्ही आसेगावला गेलो. मामांच्या अंगावर सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

प्रयागबाई दारातच उभी होती.

"आले? सालभर वाट पाहून राह्यले मी."

मामांनी तिचे पाय धरले. "माय, मागल्या साली कावळा नव्हता शिवला. म्या..."

"मालूम हाय. कावळा दोन बोटांनं खीर पुसत नसते."

जगदेव ताडकन उठला. "माय! तुले मालूम होतं? मंग बोलली काहून नाई?"

"पाव्हना भुकेला होता. भुकेल्याले चोर म्हनाव का?" ती मामांकडे वळली. "पन तुमी माह्या घरचा जो घास नेला, तो त्यायचा होता. मले तो वापस पायजे."

"कसा देऊ, माय?"

"इज पडली त्या दिशी हे पहाटीच वावरात निंघाले. म्या लाल काठाच्या फडक्यात भाकर बांधून देली. दारात वळले. माह्याकडं पाह्यलं. तोंड उघडलं..."

मी मामांकडे पाहिलं.

"...अन् आभाळ गरजलं. तोंड मिटून चालले गेले. संध्याकाळी आनलं त्यायले, तं शिदोरीची गाठबी सुटेल नव्हती." तिचा आवाज खाली आला. "चाळीस सालाच्या संसारात हा मानूस माह्याशी कामाबिगर बोलला नाई. त्या दिशी काय म्हनाचं होतं त्यायले? तेवढं सांगा."

"मले नाई मालूम, माय. लय खेपा लिवून पाह्यलं. तिथंच थांबते."

"मंग बसा."

तिनं एक पान भिंतीवर ठेवलं. दुसरं मामांपुढे मांडलं. स्वतःच्या हातानं वाढलं.

मामांनी घास घेतला.

हळू... बोळक्या तोंडानं... तोच आवाज.

आता तो मामांच्याच तोंडातून येत होता. आणि मामांचे बत्तीसही दात शाबूत होते.

जगदेवनं माझं मनगट पकडलं. "बाबा असेच जेवत," तो कुजबुजला.

मामांनी मान वर केली. प्रयागबाईकडे पाहिलं. ओठ हलले. मी हातभर अंतरावर होतो, पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही. जगदेवलाही नाही.

प्रयागबाईनं मात्र झटकन पदर डोक्यावर ओढला.

"एवढंच होय?" ती म्हणाली. आणि हसली. गालांवरून पाणी वाहत होतं, पण हसत होती, नव्या नवरीसारखी. मग म्हणाली, "या आता. वाट धरा."

लिंबावर काव झालं.

एक कावळा भिंतीवर उतरला, वडा उचलला आणि निघून गेला.

मामा एकदम ओरडले, "आंबट! कढी आंबट झाली व, माय!" आणि लहान लेकरासारखे रडू लागले.

त्यांनी काय सांगितलं, हे प्रयागबाईनं मरेपर्यंत कोणाला कळू दिलं नाही. मामा म्हणत, मी तर काही बोललोच नाही.

चव परत आली. लेखणी मात्र गेली. त्यानंतर मामा हिंडले, जेवले, पोट पुन्हा गोल झालं, पण ओळ म्हणून एकही उमटली नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "आपला कारखाना दुसऱ्याच्या कापसावर चालत होता."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलंबाळं नव्हती, म्हणून त्यांचं पान मीच ठेवतो.

परवा ठेवलं. कावळे दारातल्या लिंबावर बसले. उतरले नाहीत.

"मामा, काय राह्यलं?" मी विचारलं. ज्याला त्याला थापा मारणारा मी, पण त्या वेळी थट्टा सुचली नाही.

पाणी आणायला आत गेलो. परत आलो.

वडा नव्हता. कावळे जागचे हलले नव्हते. आणि पानावरच्या खिरीत... दोन सरळ रेघा.

मला आधी हसूच आलं. मेल्यावरही खादाडपणा सुटला नाही म्हणायचा! पान उचलून टाकायला गेलो. अंगठ्याला खीर लागली.

सवयीनं चाटली.

लिंबावरचे कावळे एकदम उडाले. एकानंही काव केलं नाही.

मी तोंडाचा माणूस. जन्मात गोष्ट लिहिली नव्हती. ही परवापासून एका दमात लिहून झाली, हात दुखला तरी थांबला नाही. फक्त मघाशी एक ओळ आपोआप आली, ती मी खोडून टाकली. मामा दारात वळले आणि त्यांनी तोंड उघडलं, अशी.

त्यापुढे काही येत नाही.

मला ते काय म्हणणार होते, कोणाला म्हणणार होते, ठाऊक नाही. मामांची वाट पाहणारं माझ्याशिवाय कोणी राहिलेलंही नाही.

सूनबाई आत्ता ताट ठेवून गेली. दोनदा विचारलं तिला. चिडली. म्हणते, मामंजी, तुमची शपथ, भाजीत मीठ आहे.