दुसऱ्याच्या गोष्टीचा शेवट

"आई गं!"

पुस्तकांची चळत पायावर कोसळली तेव्हा नुपूरच्या तोंडून ना स्पॅनिश आलं, ना इंग्रजी. आलं ते थेट घरचं मराठी. आणि शिडीच्या टोकावरून कुणीतरी विचारलं, "लई लागलं व्हय?"

तिनं पाय चोळत वर पाहिलं. शिडीवर एक तरुण उभा होता. हातात टेस्टर, अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि चेहऱ्यावर गावचं माणूस भेटल्याचा आनंद.

"तुम्ही मराठी?"

"जत तालुका, जिल्हा सांगली. शिवराज नाव." तो वरूनच म्हणाला. "काय पण म्हणा मॅडम, तुमचं ते 'आई गं' ऐकून बरं वाटलं बगा."

"माझा पाय मोडला आणि तुम्हाला बरं वाटलं?"

"तसं न्हाई वो—" तो इतका गडबडला, की टेस्टर हातातून सुटून खाली पडला. नुपूरनं तो उचलून वर दिला. देताना ती हसली, आणि तिथंच सगळं बिनसलं, असं आपलं माझं मत.

कतारमधल्या दोहा शहरातल्या एका हॉटेलात स्पॅनिश पुस्तकांचा मेळा भरायचा होता, त्याची ही तयारी. नुपूर पुण्यात स्पॅनिश शिकली होती आणि आता इथल्या फरीज बिन ओमरान भागात आईबाबांजवळ राहून एका संस्थेत ती भाषा शिकवत होती. दिवसा संस्थेचा स्टॉल सांभाळायचा आणि संध्याकाळी दुभाषीचं काम करायचं, असं तिचं ठरलं होतं. शिवराज मेळ्याचा इलेक्ट्रिशियन. सकाळी कंपनीच्या बसनं इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या वस्तीतून यायचा आणि संध्याकाळी त्याच बसनं परत जायचा.

मेळा सुरू झाला आणि एक गंमत झाली. सगळ्या स्टॉलचे दिवे नीट चालत होते, फक्त नुपूरच्या स्टॉलवरचा जायचा. रोज. मग शिवराज शिडी घेऊन यायचा.

"काय हो, माझ्याच दिव्याला काय रोग झालाय?"

"नाजूक हाय मॅडम. सारखं बगावं लागतंय."

"दिवा?"

"...दिवाच की." असं म्हणून तो वर चढायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा.

शिडीवरून गप्पा चालायच्या. त्यानं तिला जतच्या दुष्काळातली डाळिंबं सांगितली, खोलीतल्या बिहारी दोस्ताची डाळ सांगितली. तिनं त्याला 'बुएनास तार्देस', म्हणजे स्पॅनिश नमस्कार, शिकवला. तो ते अशा ठसक्यात म्हणायचा, की मेक्सिकोच्या एक आजी मुद्दाम त्याला दिवसातून चारदा नमस्कार करायला यायच्या.

मेळ्यातली खरी मजा संध्याकाळी असायची. गोल मांडलेल्या खुर्च्या, मध्ये एक माईक आणि छोट्या छोट्या गोष्टी. कुणीही यावं, आपल्या भाषेत गोष्ट सांगावी. अट एकच, ती वाक्यावाक्याला स्पॅनिशमध्ये सांगणारं कुणीतरी सोबत हवं. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक खजूर दिलेला असायचा. ज्याची गोष्ट आवडेल त्याच्या वाडग्यात तो टाकायचा. ज्याच्या वाडग्यात जास्त खजूर, त्याला समारोपाच्या दिवशी श्रोत्यांचा पुरस्कार.

एका संध्याकाळी गोष्ट सांगणारे कमी पडले. नुपूरच्या संस्थेच्या संचालिका माईक हातात घेऊन आर्जवं करत होत्या. शिवराज कडेला वायर गुंडाळत होता. नुपूरला लहर आली.

"सांगता का एखादी? मी करते भाषांतर."

"मी? मॅडम, चेष्टा करता व्हय?"

"घाबरलात?"

झालं. घाबरलास का म्हटल्यावर सांगली जिल्ह्यातला माणूस मागे हटत नाही. तो शर्टाला हात पुसत माईकपाशी आला आणि नुपूर त्याच्या शेजारी उभी राहिली. दुभाषीनं 'तो म्हणतो' असं म्हणायचं नसतं. बोलणारा 'मी' म्हणाला, की तिनंही 'मी'च म्हणायचं. या कामाची तशी पद्धतच आहे आणि नुपूर त्यात पक्की होती.

"मी शिडीवर काम करतो," शिवराज म्हणाला. नुपूर स्पॅनिशमध्ये म्हणाली, मी शिडीवर काम करतो. लोक हसले.

"खाली शंभर भाषा चालत्यात. मला कुठली कळत न्हाई. एक दिवस खालनं कोण तर 'आई गं' म्हणालं."

नुपूरनं भाषांतर केलं, पण कान जरा गरम झाले.

"मला ती परत दिसावी वाटली. म्हणून मी तिच्या दिव्याचा होल्डर रोज ढिला करून ठिवायचो. दिवा चांगला हाय. खोट माझ्यात हाय."

हे सांगताना नुपूरचा आवाज घसरला. बदमाश! म्हणजे रोजचा तो दिवा... खुर्च्यांमध्ये हशा पिकला. मेक्सिकोच्या आजींनी टाळी वाजवली. शिवराजनं श्वास घेतला. आता तो खाली बघत होता.

"ती मुलगी आता माझ्या शेजारी उभी हाय. माझं बोलणं तुमाला सांगतीय. तिला इचारायचंय... माझ्यासंगं जन्म काढशील का? नुपूर नाव हाय तिचं."

सभागृहात मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते, पुढच्या वाक्याची वाट पाहत. संचालिका पहिल्या रांगेत.  आता हे 'मी' म्हणून सांगायचं? स्वतःच, स्वतःबद्दल, स्वतःला मागणी घालायची? चारचौघांत? आणि तिची नजर गेली कुठे, तर त्याच्या कामगाराच्या निळ्या शर्टावर शिवलेल्या कंपनीच्या नावावर.

तोंड उघडलं आणि त्यातून स्पॅनिशमध्ये आलं, "एके दिवशी ती मुलगी निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं."

 मग टाळ्या. कुणी डोळे पुसत होतं. शिवराजच्या वाडग्यात खजुरांवर खजूर पडू लागले. मेक्सिकोच्या आजींनी तर त्याला मिठीच मारली. "पोब्रेसितो," त्या म्हणाल्या, "पोब्रेसितो!"

"काय म्हणत्यात?" त्यानं विचारलं.

बिचारा, असं म्हणत होत्या.

"शाब्बास म्हणतायत," नुपूर म्हणाली. एका खोट्यावर दुसरं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या संध्याकाळी कळलं.

ती त्याला टाळून निघणार होती, पण पार्किंगमध्ये कंपनीच्या बसपाशी तो उभाच होता. हातात खजुरांचा वाडगा.

"घ्या मॅडम. तुमची बी मेहनत हाय."

"शिवराज, मी..."

"एक इचारू? माझ्या गोष्टीत शेवटाला तुमचं नाव हुतं. तुमच्या बोलण्यात काय ते आलं न्हाई. नावाचं पण भाषांतर करत्यात व्हय?"

नुपूरला वाटलं, पायाखालचा डांबरी रस्ता दुभंगावा. म्हणजे याला सगळं कळलं होतं. टाळ्या घेताना, आजींची मिठी घेताना, तिचं 'शाब्बास' ऐकतानाही.

"मी शेवट बदलला," ती म्हणाली. "मला... लाज वाटली."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. पण तो मान हलवून म्हणाला, "माझंच चुकलं. लोकांच्या म्होरं तुमाला अडचणीत टाकलं. इचारायचं ते बाजूला घिऊन इचारावं माणसानं." मग वाडगा सावरत, "तुमी काय केला शेवट?"

तिनं सांगितला. 

"चांगला हाय," तो म्हणाला. "लोकं रडली, म्हंजे चांगलाच आसणार."

"मी उद्या संचालिकांना सांगते सगळं."

"कशाला? दुभाषीनं मनचं सांगितलं म्हटल्यावर तुमाला कोण बोलवंल परत? खलास. ऱ्हाऊ द्या."

"यल्ला, यल्ला!" चला लवकर म्हणून बसचा ड्रायव्हर मुदस्सिर अरबीत ओरडला. शिवराज वाडगा तिच्या हातात ठेवून चढला. खिडकीतून त्यानं वळून पाहिलं नाही.

नुपूर घरी आली, पण जेवण गेलं नाही. लोकांसमोर लाजले, एवढं तर कुणालाही पटलं असतं. पण ती स्वतःलाच विचारत राहिली, शर्टावर दुसरं एखादं नाव असतं, बाबा नोकरी करतात त्या मोठ्या कंपनीसारखं, तर? तर मी ते वाक्य बोलले असते का? उत्तर येत होतं आणि तिला ते नको होतं. स्वतःच्या लाजेचीच तिला लाज वाटू लागली. आणि वर आणखी एक गोष्ट होती. त्यानं विचारलं तेव्हा छातीत जे धडधडलं होतं, ते काही सगळं भीतीनं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या स्टॉलवरचा दिवा एकदाही गेला नाही. लखलखत राहायचा मेला. शिवराज लांबून 'बुएनास तार्देस मॅडम' म्हणायचा आणि दुसऱ्या टोकाला निघून जायचा. नुपूर दिव्याकडे बघत बसायची. एकदा तर तिनं स्टुलावर चढून होल्डरला हात घातला. पण तेवढ्यात संचालिका आल्या आणि तिला दिवा पुसत असल्याचं नाटक करावं लागलं.

समारोपाला घोळ वाढला. शिवराज जिंकला होता. नुपूरनंच घरी तोंडातून काढलं आणि बाबांनी ते मराठी मंडळाच्या वसंतरावांना सांगितलं. वसंतराव उत्साही माणूस. "आपल्या माणसाला स्पॅनिश पुरस्कार! सत्कार करू!" असं म्हणून ते शाल-श्रीफळ घेऊनच आले. पहिल्या रांगेत बाबा, आई, वसंतराव आणि त्यांच्या मांडीवर नारळ. "आमची नुपूर नसती तर त्याची गोष्ट कळली असती का कुणाला?" बाबा शेजारच्यांना हिंदीत सांगत होते. नुपूरला स्टेजच्या पडद्यामागे लपावंसं वाटत होतं.

आधी मोठे पुरस्कार झाले. कथासंग्रहाचा पुरस्कार कोलंबियाच्या एका शिक्षिकेला मिळाला. मग श्रोत्यांचा पुरस्कार, म्हणजे रेशमी फीत बांधलेला स्पॅनिश पुस्तकांचा गठ्ठा. शिवराजनं तो दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद घ्यावा तसा घेतला. आज अंगात कंपनीचा शर्ट नव्हता. कडक इस्त्रीचा पांढरा होता, बाह्या किंचित आखूड.

रिवाजाप्रमाणे विजेत्यानं गोष्ट पुन्हा सांगायची होती. नुपूर शेजारी उभी राहिली. शिडी झाली. 'आई गं' झालं. यावेळी पहिल्या रांगेतून मराठी हसूही आलं. दिव्याचा होल्डर आला तेव्हा वसंतरावांनी मांडीवर थाप मारली आणि नारळ घरंगळला. नुपूर एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये सांगत होती. आता तो नाव घेणार. बाबांसमोर. घेऊ दे, तिनं ठरवलं. या वेळी मी सांगेन.

 शिवराजनं बाबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आन् एक दिवस ती मुलगी निघून गेली," तो म्हणाला. "तिचं नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं."

तिचा शेवट. तिला वाचवायला त्यानं स्वतःची गोष्ट सोडून तिची सांगितली होती. आई हळहळली. स्पॅनिश मंडळी नुपूरकडे बघत होती. हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. नुसतं म्हणायचं, की सुटका.

"नाही," नुपूर म्हणाली. मराठीत. मग स्पॅनिशमध्ये, "नाही."

तिनं माईक स्वतःकडे ओढला.

"हा शेवट त्याचा नाही, माझा आहे." ती एक वाक्य मराठीत बोलत होती, तेच पुढे स्पॅनिशमध्ये. "त्या दिवशी त्यानं वेगळाच सांगितला होता. मला लाज वाटली, म्हणून मी तुम्हाला खोटा सांगितला. चूक माझी आहे. आता त्याचा खरा शेवट ऐका. ती मुलगी माझ्या शेजारी उभी आहे, असं तो म्हणाला होता. माझ्यासोबत जन्म काढशील का, असं त्यानं तिला विचारलं होतं. त्या मुलीचं नाव नुपूर आहे."

बाबांचा चेहरा तिनं पाहिलाच नाही, हिंमत नव्हती. संचालिकांचे ओठ मात्र दिसले, घट्ट मिटलेले. 'उद्या ऑफिसात ये' असं सांगणारे. असू दे.

तेवढ्यात मागून मेक्सिकोच्या आजी उभ्या राहून काहीतरी ओरडल्या.

"काय म्हणत्यात?" शिवराजनं विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"त्या... त्या विचारतायत, मग ती मुलगी काय म्हणाली?"

"त्यास्नी सांगा," तो म्हणाला, "मी पण त्याचीच वाट बगतोय."

नुपूरनं हेही इमानदारीत सांगितलं. हशा उसळला आणि लगेच विरला. माईक तिच्याच हातात होता. गाल पेटले होते, कान पेटले होते, सगळं सभागृह बघत होतं.

"हो म्हणाली," ती म्हणाली. "मी हो म्हणतेय." आणि मग स्पॅनिशमध्ये, "सी."

खजूर आता वाडग्यात नाही, स्टेजवरच येऊन पडू लागले. त्या गोंधळात बाबा उठले. वसंतराव शाल धरून उभेच होते, आता ही कुणाच्या खांद्यावर घालायची या विचारात. बाबा पायऱ्या चढून वर आले. हसत नव्हते, रागावलेलेही दिसत नव्हते. शिवराजसमोर येऊन थांबले आणि त्यांनी घसा साफ केला.

"गाव कुठलं तुमचं?"

"जत तालुका, सर. माडग्याळ." एवढं बोलून शिवराज थांबला आणि सवयीनं नुपूरकडे बघत राहिला, ती पुढे सांगेल म्हणून.

"अरे, बाबांना मराठी येतं रे," नुपूर पुटपुटली.

माईक चालूच होता. तो 'रे' साऱ्या सभागृहानं ऐकला, आईनं ऐकला, बाबांनीही ऐकला. नुपूरनं ओंजळीत तोंड लपवलं.